जुनं घर घेतलं, आता आवारातल्या झाडांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आर्वी तालुक्यातल्या एका गावात पाऊण एकराच्या आवारासकट जुनं मातीविटांचं, कवेलूचं (कौलांचं) घर घेतलं. मार्चमध्ये ताबा मिळाला. भिंतीला लागून मोठा निंब (कडुनिंब) आहे, घरामागे चिंच, तीन जुने गावरान आंबे, संत्र्याची डझनभर म्हातारी झाडं, धुऱ्यावर (बांधावर) सागाची रांग, विहिरीच्या काठात उगवलेला पिंपळ आणि एका कोपऱ्यात सुबाभळीचं रान. शेजारचे काका म्हणतात चिंच काढा, मिस्त्री म्हणतो भिंतीला तडा निंबामुळे, तो काढा, आणि गावातला एक लाकूडवाला म्हणतो, "साग मला द्या, बाकीचं सगळं फुकटात साफ करून देतो." पावसाच्या आत काय काय काढून टाकावं, असं तुम्ही विचारलंय.

ताई, सगळ्यात आधी त्या लाकूडवाल्याला नाही म्हणा. तो वाईट माणूस आहे म्हणून नाही. त्याने तुमची झाडं मोजलीत आणि तुम्ही अजून मोजली नाहीत, म्हणून. शिंप्याचा टेप घ्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे छातीएवढ्या उंचीवर, सागाच्या खोडाची गोलाई मोजा. समजा 36 इंच भरली आणि सरळ लाकूड 12 फूट निघेल असं दिसतंय. जुना हिशोब चौथाई गोलाईचा: 36 चा चौथा हिस्सा 9, नऊ गुणिले नऊ 81, त्याला 144 ने भागलं की साधारण 0.56 चौरस फूट, गुणिले 12, झाले पावणेसात घनफूट. त्याच ओंडक्याचं खरं गोल माप काढलं तर साडेआठ घनफुटांच्या वर जातं. म्हणजे या हिशोबात वीसएक टक्के लाकूड मापातच गळतं, सौदा सुरू व्हायच्या आधी. आता रांगेत किती झाडं आहेत ते मोजा आणि "फुकटात साफसफाई" केवढ्याला पडते ते वहीवर मांडा. आणि गोलाई दोन फुटांच्या आत असेल तर विकूच नका. त्या वयाच्या सागात पांढरं लाकूडच जास्त, वाळवी आवडीने खाते, भावही तसाच येतो. पोसू द्या अजून.

दुसरं कारण कायद्याचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 25 प्रमाणे जमिनीवरच्या झाडांचा हक्क जमीनधारकाचा असतो, हे खरं. पण हक्क असणं वेगळं आणि तोडायची मुभा असणं वेगळं. गावात 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, बीजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन ही झाडं आहेत. त्यांना परवानगीशिवाय कुऱ्हाड लागली तर लाकूड जप्त होतं, दंड होतो, आणि तो मालकाला होतो, लाकूडवाल्याचा ट्रॅक्टर तोवर गेलेला असतो. सागाचं काम वनपरिक्षेत्र कार्यालयातून होतं, तोडल्यावर वाहतुकीचा परवाना वेगळा. आंबा-चिंचेसाठी पटवाऱ्याला भेटा, तो अर्ज कुठे आणि कसा द्यायचा ते सांगेल. झाड वाळलेलं, रोगट किंवा घरावर पडायला आलेलं असेल तर परवानगी मिळते, बहुधा बदल्यात झाडं लावायच्या अटीवर. निंब, सुबाभूळ आणि संत्रा त्या अनुसूचीत नाहीत. तुमचं घर आर्वी शहरात, नगरपरिषदेच्या हद्दीत असतं तर 1975 चा नागरी क्षेत्रांचा कायदा लागला असता, आणि तिथे निंबालाही परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर त्यात 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. आजूबाजूची बरीच मोठी गावं आता नगरपंचायती झालीत, त्यामुळे हे वाचणाऱ्या इतरांनी आपलं गाव नेमकं कशात मोडतं ते आधी पाहावं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझा सल्ला असा की यंदा पावसाआधी फक्त धोक्याचं तेवढं काढा आणि बाकी आवाराला एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा जाऊ द्या. मार्चमध्ये ताबा घेतलेल्या माणसाला आपलं आवार खरं दिसतच नाही. साग उघडाबोडका असतो, निंबाची पानं पिवळी होऊन गळत असतात, कुठे मोह असला तर तोही निष्पर्ण. शहरातून आलेला माणूस म्हणतो, ही दोन-तीन वाळलीत, काढून टाकू. जरा नख लावून बघा. बोटाएवढ्या फांदीची वरची साल खरवडली आणि खाली हिरवट ओलसर लागलं तर झाड जिवंत आहे. करडं, कोरडं लागलं तर एक हात खाली जाऊन पुन्हा खरवडा. शेंड्याला वाळलेली फांदी बुडाशी हिरवी असते, असं कितीतरी वेळा होतं. निंबाचं तर आणखी एक आहे. अलीकडच्या वर्षांत पावसाळ्याच्या शेवटी निंबाचे शेंडे तपकिरी होऊन करपायला लागतात, दिवाळीपर्यंत अख्खं झाड जळाल्यासारखं दिसतं. शेजारच्या तेलंगणात 2021 च्या सुमारास याची फार ओरड झाली. बुरशीचा रोग आहे, सोबत ढेकण्या किडीचा उपद्रव. पण बहुतेक निंब पाडव्याच्या आसपास पुन्हा फुटतात. त्यामुळे येत्या ऑक्टोबरात तुमचा निंब असा दिसला तर घाबरून करवत लावू नका.

वर्षभर थांबायचं दुसरं कारण ऊन. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच संपते. त्या वेळी कवेलूवर जी काही सावली असते ती वरून पसरलेल्या झाडाची. आणि दुपारी तीननंतर पश्चिमेची भिंत तापते ती रात्री दहापर्यंत गरम राहते. तुमचा निंब घराच्या कोणत्या बाजूला आहे ते तुम्ही लिहिलं नाही. पश्चिमेला किंवा नैऋत्येला असेल तर तो काढल्यावर पुढच्या उन्हाळ्यात कूलरचं पाणी भरता भरता तुम्हाला मिस्त्रीची आठवण येईल. एक मे त्या घरात काढा, मग ठरवा.

धोक्याचं काय, ते मात्र आत्ताच पाहायचं. प्रत्येक मोठ्या झाडाभोवती सावकाश एक चक्कर मारा, नजर वर नाही, खाली. बुडाशी भूछत्रीसारखी किंवा लाकडाला चिकटलेल्या फळीसारखी बुरशी दिसते का? झाड एका बाजूला झुकलं असेल तर उलट बाजूची माती उचलली गेली आहे का, तिथे अर्धगोल भेग आहे का? काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा सगळीकडेच पडतात, पण त्या वेड्यावाकड्या असतात. झाडाला वळसा घालून जाणारी एकच भेग आणि तिच्या आतली माती फुगलेली, ही वेगळी गोष्ट. तसं दिसलं तर त्या झाडाला थांबायला वेळ नाही. मग खोडावर लाकडी मोगरीने ठोका. भरीव खोड टणटण बोलतं, पोकळ खोड बद्द वाजतं. पोकळ आहे म्हणून लगेच तोडायचं असंही नाही. जुने आंबे ढोलीसकट वर्षानुवर्षं उभे राहतात. बाहेरची भरीव कड किती जाड आहे यावर सगळं ठरतं. कड गोलाईच्या मानाने अगदीच पातळ असेल, किंवा ढोलीचं तोंड खोडाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त उघडं असेल, तर माणसं आणि गुरं त्या झाडाखालून हलवा. ढोलीत हात मात्र घालू नका. त्यात घुबडापासून नागापर्यंत कोणीही बिऱ्हाड केलेलं असतं.

आता निंब, कारण मिस्त्रीचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. तुमच्या भागातली माती काळी, चिकण. पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा त्यामुळेच पडतात. भिंतीपासून सहा-सात फुटांवर मोठा निंब असला तर तो पायाखालचा ओलावा ओढतो, तिथली माती बाकीपेक्षा जास्त आकसते आणि भिंतीचा तो कोपरा खाली बसतो. जुन्या घरांचे पाये उथळ, त्यामुळे तडा जातो. पण प्रत्येक तडा झाडाचा नसतो. छपराचं पाणी वळचणीला पडून पायाशी मुरत असेल तरी तसाच तडा जातो, आणि जुन्या घरात हे जास्त वेळा सापडतं.

म्हणून आधी तडा वाचायला शिका. तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खिळा ठोका, दोन खिळ्यांमधलं अंतर पट्टीने मोजा आणि भिंतीवरच पेन्सिलने तारीख टाकून लिहून ठेवा. वर एका ठिकाणी काचेची अरुंद पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवा. काच फुटली तर तडा चालू आहे. काच वर्षभर टिकली तर तो जुना, बसून गेलेला तडा आहे, त्यात चुना भरा आणि विसरा. अंतर मे महिन्यात वाढलं आणि ऑगस्टमध्ये कमी झालं तर मातीचा खेळ आहे. वर्षभर एकाच दिशेने वाढतच गेलं तर पायाचं काम काढावं लागेल, झाड असो नसो.

मातीचा खेळ निघाला तरी निंब एकदम तोडणं हा उपाय नाही. इतकी वर्षं ज्या झाडाने तिथलं पाणी ओढून माती आकसलेली ठेवली, ते एका दिवसात गेलं की पुढच्या पावसाळ्यांत तीच माती पाणी धरून फुगते आणि बसलेला कोपरा आता वर उचलला जातो. झाड काढल्यावर घराला नवे तडे गेले अशा तक्रारी येतात त्या यातूनच. त्यापेक्षा वळचणीचं पाणी पन्हळ लावून दूर न्या, आणि निंबाचा विस्तार थंडीच्या दिवसांत थोडा थोडा कमी करा. एका वर्षात चौथ्या हिश्शाहून जास्त हिरवं काढायचं नाही. डोकं छाटून झाड बोडखं तर मुळीच करायचं नाही. बोडख्या निंबाला दोन वर्षांत झाडूसारखे फुटवे येतात. ते सालीपुरते चिकटलेले असतात आणि पहिल्या वादळात फाटून कवेलूवर येतात. मिस्त्री कदाचित भिंतीलगत खोल नाली खणून मुळं तोडायला सांगेल. त्याने झाडाचा एका बाजूचा आधार जातो आणि रोहिणीतलं वादळ कोणाची वाट पाहत नाही. करूच देऊ नका.

चिंचेबद्दल काकांचं नेमकं म्हणणं काय आहे ते विचारून घ्या. भुताचं असेल तर मला त्यातलं काही कळत नाही. पण चिंच घराजवळ नको म्हणणारी जुनी माणसं बऱ्याचदा वानरांचा विचार करत असतात. टोळी चिंचेवर मुक्कामाला येते, कोवळा पाला आणि चिंचा खाते आणि फांदीवरून सरळ छपरावर उडी मारते. एका सकाळी पंचवीस-तीस कवेलू फुटलेले दिसतात आणि पावसाळ्यात तिथून घर गळतं. त्यासाठी चिंच तोडायला नको. छपराकडे आलेल्या फांद्या अशा मागे घ्या की शेवटचं टोक आणि कवेलू यांत दहा-बारा फुटांचं अंतर राहील. वानर तेवढी उडीही मारतं, पण मग रोजची वाट म्हणून वापरत नाही. चिंचेचं लाकूड चिवट, झाड सहसा वादळात पडत नाही. शिवाय उत्पन्न आहे: फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड उक्तं मागायला माणसं दारात येतात. पहिल्या वर्षी उक्तं देऊ नका. रोजाने उतरवून वजन करा, म्हणजे पुढच्या वर्षी किती मागायचं ते कळेल.

तिन्ही आंब्यांवर बांडगूळ आहे असं तुम्ही लिहिलंय. उन्हाळ्यात आंब्याच्या पानांत वेगळ्या रंगाचे, जाडसर पानांचे झुपके दिसतात ते हेच. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी त्याची चिकट फळं खातो आणि बी दुसऱ्या फांदीवर पुसतो, असं ते पसरतं. नुसतं बांडगूळ ओढून काढलं तर सालीच्या आत शिरलेलं त्याचं मूळ पुन्हा फुटतं. जिथे ते चिकटलंय तिथून फूटभर मागे, खोडाच्या बाजूने, आंब्याची फांदीच कापायची. मोठ्या फांदीवर असेल आणि फांदी घालवायची नसेल तर दरवर्षी, त्याला फळ धरायच्या आत, ते खरवडत राहावं लागतं. आंबे उतरल्यावर, पहिल्या पावसाच्या सुमारास हे काम करा. त्याच वेळी खोडावर भुसा सांडलेली भोकं दिसतात का ते पाहा. ती भिरूड किडीची. सायकलच्या चाकाची ताडी (तार) भोकात घालून अळी ओढून काढतात, मग रॉकेलचा बोळा घालून चिखलाने तोंड लिंपतात. जुना उपाय आहे, अजून चालतो.

संत्र्याबद्दल मी जरा कठोर आहे. डझनभर म्हातारी झाडं सगळीच वाचवायच्या फंदात पडू नका. आधी त्यांतली खरी संत्र्याची किती उरलीत ते पाहा. आपल्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात. मालकाचं लक्ष नसलं की खालच्या जंबेरीचे फुटवे जोर धरतात, वरचं संत्रं मरतं आणि झाड हिरवंगार, काटेरी, उभार दिसतं. नवा मालक खूश होतो. फळ तोडलं की खरबरीत सालीचं आंबट लिंबू हातात येतं. बुंध्याशी वाकून पाहा: सालीचा पोत जिथे बदलतो तो जोड, त्याच्या खालून निघालेलं सगळं जंबेरीचं. जोडाच्या वर जोमदार असलेली चार-पाच झाडं ठेवा, बाकीची काढा.

जी ठेवाल त्यांची सल काढा. वाळलेली फांदी कापताना तिच्यासोबत बोटभर जिवंत हिरवं लाकूडही कापलं गेलं पाहिजे, नाहीतर रोग खाली उतरत राहतो. खोडातून डिंक गळत असेल तर तिथली सडलेली साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडा आणि बोर्डो मलम लावा. तो घरी करता येतो. एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत, मिळून दहा लिटर पाण्यात भिजवा आणि मग दोन्ही एकत्र करा. लोखंडी भांडं नको. तयार मिश्रणात लोखंडी विळा मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला कमरेएवढ्या उंचीपर्यंत हा मलम लावायचा. पाणी देताना खोडाला लागू द्यायचं नाही, दुहेरी आळं करा. डिंक्या पसरतो तो बुंध्याशी साचलेल्या पाण्यातून.

विहिरीतला पिंपळ पेन्सिलीएवढा असता तर पावसाळ्यात, बांधकाम ओलं असताना, मुळासकट उपटून टाका म्हटलं असतं. तुमचा मनगटाएवढा झालाय. त्याची मुळं दगडांच्या सांध्यांत शिरली असणार, ओढलं तर काठच आत येईल. आता तो बुडाशी कापत राहायचा, दर फुटव्याला, आणि विहिरीचं काम करणारा जाणता गवंडी मिळाला की सांधे उकलून मूळ काढून पुन्हा भरायचं. गावातले मजूर पिंपळाला हात लावत नाहीत, आधी विचारून घ्या. नारळ फोडून, फांदी दुसरीकडे लावून मग कापू देतात काही ठिकाणी. मोठ्या झाडावर आग्या मोहोळ असलं तर धूर करून जाळायला सांगू नका. त्या माश्या हंगाम संपला की आपणच जातात आणि जाळताना माणसं रुग्णालयात जातात.

सुबाभूळ काढा. यात विचार करण्यासारखं काही नाही. मोठी कापून सरपणाला, पाला शेळ्यांना, आणि पहिल्या पावसानंतर माती ओली असताना रोपं उपटायची, अशी चार-पाच वर्षं सलग. बी जमिनीत फार काळ टिकून राहतं. रायमुनियाची (घाणेरीची) झुडपंही तेव्हाच काढा. हे वाचणारे सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडचे असतील तर त्यांनी घराच्या आणि संडासाच्या वाटेवरची झुडपं सगळ्यांत आधी काढावीत. तिथे वाघ-बिबट्याला दबून बसायला जागा ठेवायची नसते.

झाडं करवतीने मरतात त्याहून जास्त नव्या मालकाच्या हौसेने मरतात, हे माझं मत आहे. लोक घर घेतात आणि निंबाला छान गोल पार बांधतात, आत दोन फूट भराव टाकतात. किंवा अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवतात, खोडापर्यंत. मुळांना हवा लागते आणि ती वरच्या दीड-दोन फुटांतच मिळते. भराव टाकलेलं झाड त्या वर्षी मरत नाही, दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं, तोवर पाराचा आणि त्याचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही. खोड जमिनीत शिरताना जिथे रुंद होतं तो भाग उघडाच राहिला पाहिजे. खोडाची जाडी एक फूट असेल तर सगळ्या बाजूंनी दहा-बारा फूट जेसीबी, भराव, नाली, विटांचा ट्रक, काही नको. बांधकाम काढायचं असेल तर त्या अंतरावर आधी बल्ल्या ठोकून दोरी बांधा, मगच मशीन आत घ्या. चुना मात्र लावा खोडाला. फांद्या काढल्यावर जी साल पहिल्यांदा उन्हात येते ती मेच्या उन्हाने भाजते, पांढरा हात दिला की वाचते.

आणि आग. एप्रिल-मेमध्ये शेतकरी धुरे पेटवतात. शेजारच्याचा धुरा पेटला की तुमच्या सागाच्या बुडाचा पाचोळा पेटतो, साल करपते, झाड त्या जागेतून सडायला लागतं. धुऱ्यालगत सहा-सात फुटांची पट्टी आत्ताच साफ करून घ्या आणि शेजाऱ्याला सांगून ठेवा की पेटवायच्या दिवशी कळवा. स्वतःचा पाचोळा जाळू नका, खड्ड्यात टाका किंवा झाडाखाली खोडापासून हातभर सोडून पसरवा. उन्हाळ्यात ओलावा धरतो.

फांद्या कापायला माणूस कसा निवडायचा? त्याला विचारा, मोठी फांदी कशी कापशील. "वरून मारतो" म्हणाला तर दुसरा बघा. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून खाच, मग तिच्या थोडं पुढे वरून काप, फांदी पडली की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर वळीच्या बाहेरून स्वच्छ काढायचा. खालची खाच नसेल तर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलत नेते. वळीच्या आत कापलं तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो सडतो. दोर आणि कमरपट्टा नसलेल्या माणसाला झाडावर चढवू नका, तो कितीही सराईत असो. खांबावरून घरात आलेली तार निंबातून जात असेल तर महावितरणच्या लाइनमनकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय विळाही लावायचा नाही. ओली फांदी आणि ओला बांबू दोन्हींतून करंट येतो. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीत ते स्वतःही फांद्या छाटतात. पण त्यांना तारेपुरतं काम असतं, झाडाचा तोल सांभाळणं तुमच्याकडेच. त्या दिवशी हजर राहा.

दोन गोष्टी लोक विचारायला विसरतात. एक, सागाची रांग नक्की कोणाच्या हद्दीत आहे? धुऱ्यावरच्या झाडावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद झालेली घरं आहेत. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका, शेजाऱ्यासमोर खुणा गाडून घ्या, नंतरच त्या झाडांचा विचार करा. दोन, आंबे खरंच सगळे तुमचे आहेत का? सातबाऱ्याच्या शेऱ्यात झाडांची नोंद असते ती पाहा, आणि ज्यांच्याकडून घर घेतलं त्यांना सरळ विचारा. एखादा आंबा बहिणीच्या वाट्याचा म्हणून तोंडी ठरलेला असतो आणि ती दर उन्हाळ्यात पोतं घेऊन येते. कागदावर तिचा हक्क नसेलही. तरी पहिल्या वर्षी तिला कैऱ्या नेऊ द्या. लोणच्याला कोणता आंबा, रसाला कोणता, कोणता एक वर्षाआड धरतो, हे त्या आवारात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसणार.

नवीन लावायचं असेल तर मेमध्ये दोन-दोन फुटांचे खड्डे खणून उन्हात तापू द्या, जूनअखेर चांगले दोन पाऊस झाले की लावा. निंब, करंज भिंतीपासून पंचवीस फुटांवर, शेवगा, सीताफळ, लिंबू दहा फुटांवर चालतील. काळ्या मातीत खड्ड्यात पाणी तुंबतं म्हणून रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंच, उंचवट्यावर लावा. आणि रोप घेताना उंची पाहू नका. पिशवीच्या बुडातून मूळ बाहेर पडून जमिनीत गेलेलं रोप नर्सरीवाला उपटून देतो, ते आठ दिवसांत माना टाकतं.

तड्याची मापं आणि निंबाचा घराच्या चारही बाजूंनी काढलेला फोटो ऑगस्टमध्ये पाठवा. किती फांद्या आणि कोणत्या काढायच्या ते थंडीच्या आधी खुणा करून सांगतो.